खेळाचा शेला

आमच्या घराला आणि शाळेला दार एकच होतं, आणि ते कधी लागत नसे. देवासातली अप्पांची शाळा खासगी, दरबारची नव्हे. आणि देवासात दरबार दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, हद्द रस्त्याच्या मधून. त्यामुळे "आमची शाळा दरबारची नव्हे हो" हे माझ्या वडिलांना रस्त्याच्या या बाजूला एकदा आणि त्या बाजूला एकदा असं दोन्हीकडे सांगत हिंडावं लागे. भाड्याचं ऐसपैस घर, मागे मोठं मोकळं आवार. ओसरीवर लहानग्यांचे पाढे, माजघरात इंग्रजीचा वर्ग, गोठ्यालगतच्या पडवीत भूगोल, आणि या सगळ्याच्या मधोमध आईचं स्वयंपाकघर. गाय हंबरली की शास्त्रीमास्तर नद्या विसरत. मिरच्यांची फोडणी पडली की इंग्रजीचा अख्खा वर्ग खोकत अंगणात येई, आणि त्यातले निम्मे मुद्दाम खोकत. माझा नातू इंदूरला मोठ्या शाळेत जातो. तिथे म्हणे प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आणि वर पंखा. मी विचारलं, "आणि वास कसला येतो रे तुमच्या वर्गात?" तो म्हणाला, "वास? कैसा वास, आजी?" आता याला काय सांगायचं, कप्पाळ!

हाटपिपल्या, लोहारदा आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं आमच्याकडेच राहत, आमच्याकडेच जेवत. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी मालवी, आणि पंगतीत बसली की सगळ्याची खिचडी. "काकी, थोडी कढी और," असं कोणी म्हणालं की आई दटावायची, "और काय रे? आणखी म्हण." आणि लगेच पळी भरून स्वतःच म्हणायची, "ले बेटा, पोटभर खा." सकाळी जात्याची घरघर आणि ओसरीवरचे पाढे एकदमच सुरू होत. मक्याच्या भुट्ट्यांच्या दिवसांत किसणीचा आवाज घरभर, आणि मग कढईतला तो कीस, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेला, दुधात शिजलेला, वर लिंबू पिळलेला. थंडीत गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेच्या गोळ्यांचे बाफले. ते फोडून तुपात सोडले की चर्र व्हायचं आणि मुलं पाटावर बसल्या बसल्या पुढे सरकायची. आई वाढताना सारखी बोलत असायची. तिचा आवाज असा, की मागच्या आवारातून हाक मारली तर पुढच्या गल्लीतला मनुष्य "ओ" म्हणायचा. अप्पा त्याच्या अगदी उलट. उंच, शिडशिडीत, बीजगणिताचे मास्तर. हसायचे नाहीत असं नाही, पण हसण्याआधी पागोटं सरळ करून घ्यायचे.

आता नावाची भानगड सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची नाही, आणि बायकोनं तर नवऱ्याचं नाव एकांतातसुद्धा घ्यायचं नाही, असा आमच्याकडे कडक शिरस्ता. अप्पा आईला "अगं" म्हणत, फार झालं तर "ठकीच्या आईला सांग" असं म्हणत, आणि ते सांगत कोणाला? मला. म्हणजे ठकीलाच! आई तर त्याहून वरचढ. अप्पांचं नाव केशव. आरतीत, कथेत कुठे केशव आला की तिला हटकून ठसका लागायचा. बाजारातून केशर मागवायचं झालं तरी "ते आणा हो, दुधात घालायचं, पिवळं" असं म्हणायची, कारण अर्धं नाव तरी त्यात येतंच ना! शेजारच्या बायका गंमत म्हणून तिला विचारायच्या, "दुधात काय घातलंयस गं?" आणि ती लाटणं घेऊन त्यांच्या अंगावर धावायची.

शाळेचा सत्काराचा दिवस संक्रांत होऊन गेल्यावर असे. त्या दिवशी दोन शेले द्यायचे. एक सेवेचा, तो कोणाला द्यायचा हे अप्पा ठरवीत. दुसरा खेळाचा, तो मात्र जुने विद्यार्थी ठरवीत, आणि त्यात अप्पांनी बोट घालायचं नाही असा करार होता. मानकरी जुना विद्यार्थी असो की शाळेत राबणारं कोणी असो, दोन्ही चालत. एका साली अप्पांनी मानकऱ्याला नुसतं "गोविंदराव!" म्हणून पुकारलं आणि सभेतून तीन गोविंदराव उठले. त्यांतला जो सर्वांत जवळ बसला होता, तो केवळ बाफले खायला आलेला. त्यानं चटकन पुढे येऊन शेला घेतला, नमस्कार केला आणि पुढे वर्षभर तो अंगावर टाकून बाजारात मिरवला. परत कसा मागायचा? तेव्हापासून अप्पांनी भर सभेत नियम केला: हेडमास्तरानं स्वतः उभं राहून मानकऱ्याचं पूर्ण नाव, गावासकट पुकारायचं. दुसऱ्या कोणी पुकारायचं नाही. पुकारल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि नाव पुकारलं गेलं नाही तर शेला पेटीत परत. नियम केला तेव्हा अप्पा स्वतःवर इतके खूश होते, की पागोटं न सावरताच हसले.

खेळ म्हणजे आमच्याकडे आट्यापाट्या. नातवाला मी परवाच जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून शिकवला, म्हणून इथेही सांगते. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, एकीमागे एक. प्रत्येक पाटीवर एकेक धरणारा हात पसरून उभा. त्यानं पाटी सोडायची नाही. बाकीच्यांनी त्याला हूल देऊन पार व्हायचं, असं करत शेवटची पाटी ओलांडायची, आणि मग तसंच सगळ्यांना चुकवत परत यायचं. परत आलात तर लोण. नुसतं पलीकडे गेलं तर काही नाही. आमच्या शाळेची मुलं यात पटाईत होती आणि कसरतमास्तर त्याचं श्रेय घेत. पण खरं काय ते स्वयंपाकघराला ठाऊक होतं. आई धारला चार भावांत वाढलेली. लग्न होईतो त्यांच्याबरोबर पाट्यांवर खेळलेली, आणि लग्न झालं तेव्हा ती केवढी, तर आज तेवढ्या मुलीला आपण रस्ता एकटीनं ओलांडू देत नाही. सासरी आल्यावर खेळ संपला. पण डोक्यातून जातोय कुठला! अंगणात रांगोळीनं ती पाट्या काढायची, त्यावर चिंचोके मांडायची, आणि जेवून उठलेली मुलं हात न पुसताच भोवती उकिडवी बसायची. "अरे गाढवा, तू पायाकडं बघतोस. पायाकडं बघणारा मेला म्हणून समज. खांद्याकडं बघ!" एकदा तर सांगून कळेना म्हणून हातात कढीची पळी घेऊन उठली, आणि रामरतनला अशी हूल दिली की तो तुळशीवृंदावनावर जाऊन आदळला. कढीचा थेंब सांडला नाही. अप्पा आत पेपर तपासत होते. त्यांनी विचारलं, "काय पडलं गं?" आई म्हणाली, "रामरतन." ते म्हणाले, "बरं."

हा रामरतन लोहारद्याचा. शाळा संपवून गेला तरी सणासुदीला यायचा. गावात पटकीची साथ आली तेव्हा घरचे सगळे शेतावर पळाले, पण हा पठ्ठ्या मागे राहून घरोघर पाणी उकळून देत फिरला. अप्पांनी त्या साली सेवेचा शेला त्याला द्यायचं ठरवलं, यात कोणाला नवल वाटलं नाही. नवल होतं ते दुसऱ्या शेल्याचं, आणि त्याला कारण झाला माझा नानामामा. आईचा धाकटा भाऊ, धारला राहणारा. त्याच थंडीत आमच्या जुन्या मुलांचा संघ धारला सामना खेळायला गेला होता. नानामामा धारकडून शेवटच्या पाटीवर. रामरतन समोरून आला, हूल दिली, आणि मामा एकदम हात खाली टाकून ओरडला, "थांब, थांब! ही हूल तुला कोणी शिकवली? ही तर आमच्या अक्काची!" रामरतन कसला थांबतोय! तो पार होऊन परतसुद्धा आला. सामना आमच्या मुलांनी मारला. पण संध्याकाळी मामानं त्यांना जेवायला बसवून आईच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. धारची मोठमोठी मुलं तिला कशी वचकायची, तिला आपल्याकडं घ्यायला भांडणं कशी व्हायची, सगळं. मुलं देवासला परत आली ती डोळे मोठे करूनच.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी जुनी मुलं मागच्या आवारात कडुलिंबाखाली बसली. बसली आणि उठली, इतक्या लवकर कधी ठरलं नव्हतं. रामरतन अप्पांकडे गेला आणि म्हणाला, "मास्तरसाहेब, खेळाचा शेला काकींना."

अप्पांना वाटलं, हा भांग पिऊन आला. "कोणत्या काकींना?"

"आपल्या. स्वयंपाकघरातल्या."

"ती काय शाळेत नोकरीला आहे?"

"मास्तरसाहेब," रामरतन हात जोडून म्हणाला, "शाळेत राबणारं कोणीही, असं तुम्हीच म्हटलंय. त्यांच्याइतकं कोण राबतं? आणि खेळ आम्हांला त्यांनीच शिकवला. कसरतमास्तरांना विचारा." दारात उभे असलेले कसरतमास्तर मिशी चावत म्हणाले, "खरं आहे. मलासुद्धा." मागून सगळी पोरं ओरडली, "भिया, यो तो होणोज चइये!" हे तर व्हायलाच हवं, म्हणे. अप्पा मटकन खुर्चीत बसले. आईला शेला मिळतो याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. त्यांना दिसत होता तो स्वतःचाच नियम. हेडमास्तरानं स्वतः, उभं राहून, पूर्ण नाव. दोन दरबारांच्या पाहुण्यांसमोर, सगळ्या गावासमोर, बायकोचं नाव!

मी धावत स्वयंपाकघरात बातमी दिली. आई आधी इतकी हसली की पळी आमटीत बुडाली. "मास्तर माझं नाव घेणार? अगं, त्यापेक्षा माताजीची टेकडी उठून उज्जैनला जाईल!" मग ती पळी काढायला वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. उठली तेव्हा हसत नव्हती. "खेळाचा म्हणालीस ना? सेवेचा नव्हे?" मी म्हटलं, "खेळाचाच." "बरं बरं. जा, कोथिंबीर निवड," ती म्हणाली, पण कोथिंबीर तिनं मघाशीच निवडून ठेवली होती. दुपारी पाहते तर आपलं जांभळं लुगडं पेटीतून काढून तिनं दांडीवर टाकलेलं. तिला तो शेला हवा होता. राबल्याचं कौतुक तिला उठता बसता मिळे, काकींच्या हातचं असं, काकींच्या हातचं तसं. पण तिच्या आयुष्यात तिला मनापासून जे येत होतं, ते सासरी आल्या दिवसापासून कोणी ओळखलंच नव्हतं, आणि आता ते सगळ्या गावासमोर ओळखलं जाणार होतं, म्हणजे अप्पांच्या तोंडून चार शब्द निघाले तर. संध्याकाळी ती अप्पांना ताट वाढताना म्हणाली, "जमत नसलं तर राहू द्या हो. मी काही रुसणार नाही." अप्पांचा घास हातातच राहिला. आमच्या घरात "मी रुसणार नाही" याहून मोठी धमकी नव्हती.

अप्पांनी पळवाटा शोधून पाहिल्या. "शाळेच्या हितचिंतक गृहिणी" असं म्हटलं तर? पोरं म्हणाली, पूर्ण नाव. शास्त्रीमास्तरांनी पुकारलं तर? पोरं म्हणाली, नियम तुमचाच आहे, मास्तरसाहेब. नानामामा सत्कारासाठी धारहून आला होता, तो तर हसून हसून गडबडा लोळत होता. "दाजी, लग्नात उखाणा घेतला होतात ना? तसाच घ्या की!" अप्पा म्हणाले, "नाना, तेव्हा मी लहान होतो. आता मला कळतं." सत्काराच्या दिवशी उजाडता उजाडता मी गोठ्यात गेले तर अप्पा गाईसमोर उभे. पागोटं, उपरणं, सगळा सरंजाम. गाईला नमस्कार करून म्हणाले, "सौभाग्यवती..." आणि थांबले. घसा खाकरला. "सौ..." गाय रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. मी तोंडात पदर कोंबून मागच्या मागे पळाले. म्हणजे पदर कुठला, परकराचा सोगा.

सत्काराला मागचं आवार कसं फुललं होतं! मधोमध ताज्या आखलेल्या पाट्या, पाणी शिंपून, राख ओढून. कारण शेले दिल्यावर जुन्या मुलांचा आणि नव्यांचा सामना व्हायचा होता. पाट्यांच्या एका टोकाला व्यासपीठ, दुसऱ्या टोकाला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका, दोन्ही कडांना गावची ही गर्दी. अध्यक्ष अर्थात दोन. थोरल्या पातीचे एक सरदार आणि धाकट्या पातीचे एक सरदार. त्यांच्या खुर्च्या एका उंचीच्या असाव्यात म्हणून अप्पांनी सुतळीनं मापल्या होत्या, हार एका लांबीचे आणि पानदानंसुद्धा सारखी. दोघेही मोठे गोड म्हातारे होते. एकाच वेळी बसले, एकाच वेळी पान उचललं, आणि वाऱ्यावर पसरलेला आमच्या बाफल्यांचा वास घेऊन दोघांनी एकदमच विचारलं, "मास्तर, भोजन केव्हा?"

अप्पांनी रामरतनला पुकारलं, गावासकट, खणखणीत. सेवेचा शेला त्याच्या खांद्यावर पडला, टाळ्या झाल्या. रामरतन खाली उतरला आणि आपल्या सोबत्यांबरोबर पाट्यांवर जाऊन उभा राहिला. मग अप्पांनी दुसरा शेला उचलला. लाल, जरीकाठी. मी पडद्याच्या अगदी कडेला आईला चिकटून बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता.

"आता खेळाचा शेला," अप्पा म्हणाले. "यंदाच्या मानकरी... सौ..."

ते थांबले. पाणी प्यायले. "सौभाग्यवती..." परत थांबले. थोरल्या पातीच्या सरदारांनी धाकट्या पातीच्या सरदारांकडे पाहिलं. गर्दीतून कोणीतरी खुदकन हसलं. अप्पांचं तोंड कानशिलापर्यंत लाल झालं, ओठ हलत होते, आवाज नाही. शेला हातात तसाच. आणि मग, अगं बाई गं, माझ्या देखत त्यांचा तो हात हळूहळू खाली पेटीकडे जायला लागला. मला रडूच आलं.

आईनं माझा हात सोडला. पडद्याच्या आडून तिचा तो आवाज गेला, पुढच्या गल्लीत जाणारा.

"केशव त्र्यंबक निफाडकर! अहो, घ्या की एकदा माझं नाव!"

आमच्या शेजारच्या रमाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला तो तसाच ठेवला. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं, तेही सगळं, सासऱ्याच्या नावासकट, तेही ओरडून! मला वाटलं, आता आभाळ कोसळतं. व्यासपीठावर धाकट्या पातीचे सरदार पान चघळायचे थांबले. अप्पा तर असे उभे, जणू कोणी पाठीत रट्टा घातला. उखाणे सोडले तर जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपलं नाव तिच्या तोंडून ऐकलं होतं. आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांनी पागोटं सरळ केलं.

"गोदावरी बळवंत अमझेरकर!" अप्पा कडाडले. "धार!"

मी इकडे तिकडे बघायला लागले. ही कोण बाई? माझ्या आईचं नाव तर सरस्वती. रमाकाकूही माना वळवून शोधू लागल्या. तेवढ्यात नानामामानं डोक्यावरचा रुमाल काढून आभाळात फेकला आणि "अक्का! अक्का!" म्हणून बोंब ठोकली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात बदललेलं, पुसून टाकलेलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. पण अप्पांना ते पाठ होतं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, कारण आट्यापाट्या खेळत होती ती हीच ना! मी वळून आईकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम, आणि तशीच उठून तिनं चिकाचा पडदा बाजूला सारला.

व्यासपीठ समोर, मधे पाट्या. बाजूनं जायला गर्दीतून वाट नव्हती. पहिल्या पाटीवर रामरतन, नवा कोरा शेला खांद्यावर. तो अदबीनं बाजूला झाला, "या काकी." आई थांबली. तिनं पदर कमरेला खोचला. "बाजूला काय होतोस रे? धर!"

रामरतननं एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, आणि मग हात पसरले. आईचा खांदा डावीकडे झुकला. एवढंच मी पाहिलं. रामरतन डावीकडे आडवा झाला तेव्हा ती उजवीकडून पार झाली होती, जांभळ्या लुगड्याचा सोगा त्याच्या नाकाला घासून गेला. आवारभर असा कल्ला उठला की गोठ्यातली गाय हंबरायला लागली. दुसऱ्या पाटीवरचा पोरगा आधी लाजत होता, ती पुढे गेल्यावर तो रागावला, आणि मग पुढचे सगळे खरेच जिद्दीनं धरायला लागले. कशाला सापडतेय! एकाला नुसत्या नजरेनं फसवलं. कसरतमास्तर शेवटच्या पाटीवर मिशीला पीळ देऊन उभे होते, त्यांच्यापुढे ती क्षणभर चक्क उभीच राहिली, ते गोंधळले, आणि गेली! मी पडद्यातून बाहेर येऊन उड्या मारत होते, रमाकाकू माझ्याहून उंच उड्या मारत होत्या.

ती व्यासपीठापुढे पोचली तेव्हा अंबाडा सुटलेला, गाल तांबडे, धापा टाकत होती. शेला तिच्या अंगावर कोणी घालायचा हा नवाच घोळ झाला, कारण दोन्ही सरदार एकदम उठले आणि एकदम बसले. अप्पांनी पुढे वाकून तो सरळ तिच्या हातात दिला. मधे इतकं अंतर होतं आणि इतका गलका होता, की ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. मामा तिथे जवळ होता, त्यानं नंतर सांगितलं. अप्पा म्हणाले, "झालं ना मनासारखं?" आणि आई म्हणाली, "अजून कुठं? अर्धंच झालंय. लोण व्हायचंय." तिनं तो जरीचा शेला कमरेभोवती करकचून आवळला आणि परत पाट्यांकडे तोंड केलं.

आता मात्र पोरं सावध झाली होती. कसरतमास्तरांनी तिला अडवलं, ती मागे सरली, पुन्हा गेली, पार. पुढच्यांनाही चुकवलं. पण रामरतननं आणि शेजारच्या पाटीवरच्या पोरानं संगनमत करून तिला मधल्या चौकात कोंडलं. दोघेही हात पसरून, डोळे तिच्या खांद्यावर. तिनंच शिकवलेलं! ती इकडे झुकली, ते झुकले नाहीत. तिकडे झुकली, ते हलले नाहीत. तेवढ्यात व्यासपीठावरून धाडकन खुर्ची पडल्याचा आवाज आला. आमचे अप्पा, बीजगणिताचे मास्तर, दोन दरबारांच्या मधोमध टाचा उंचावून उभे होते, पागोटं एका कानावर आलेलं, दोन्ही हात हवेत, आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होते:

"गोदे, डावीकडून! अगं गोदे, तो डावीकडं कच्चा आहे! पळ, गोदे, पळ!"